पोस्टर भिंतीवर, फोन कपाटात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१२ मे, म्हणजे परिचारिका दिन, जवळ आला की आमच्याकडं हॉल सजवायला घेतात. मेणबत्त्या येतात, फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा फोटो पुसला जातो, मुलींकडून शपथ म्हणून घेतली जाते. दुसऱ्या दिवशी तुमच्यासारख्या वर्तमानपत्रांत दिवा हातात घेतलेल्या मुलींचा फोटो छापून येतो आणि खाली हमखास ‘सेवेचं व्रत’, ‘मायेचा झरा’ असलं काहीतरी असतं. त्या फोटोत सर्वांत कडेला उभी असते ती मी. नवी मुंबईतल्या एका खासगी नर्सिंग कॉलेजात मी मेंटल हेल्थ नर्सिंग शिकवते. त्याआधी अकरा वर्षं ठाण्यात एका रुग्णालयात स्टाफ नर्स होते. फोटो छापायला हरकत नाही, पण यंदा त्याच्या शेजारी हे पत्रही छापावं.

बी.एस्सी. नर्सिंगच्या पाचव्या आणि सहाव्या सत्रात माझा विषय येतो. पोस्टिंगसाठी आमच्या मुली ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जातात. पहिल्या दिवशी घाबरतात, तिसऱ्या दिवशी तिथल्या बायकांच्या वेण्या घालून देत असतात. तिथं त्यांना एक वही करावी लागते, प्रोसेस रेकॉर्डिंगची. रुग्णाशी झालेलं बोलणं जसंच्या तसं लिहायचं. एका रकान्यात रुग्ण काय म्हणाला, दुसऱ्यात आपण काय म्हणालो, तिसऱ्यात कोणतं तंत्र वापरलं, आणि शेवटचा रकाना आमच्या शेऱ्यासाठी.

दोन वर्षांपूर्वीची एक वही आहे. मुलगी नंदुरबारकडची, अक्षर मोत्यासारखं. तिची रुग्ण म्हणजे बऱ्याच वर्षांपासून तिथं असलेल्या एक आजी. वहीतलं बोलणं असं:

आजी : जेवलीस का गं?
विद्यार्थिनी : हो.
आजी : खोटं बोलतेस. झोप लागते का?
विद्यार्थिनी : नाही आजी. दिवाळीपासून लागत नाही. कधी कधी वाटतं, सकाळी उठूच नये.
आजी : मग तू पण इथंच राहा. इथं रात्री गोळी देतात.

मी शेवटच्या रकान्यात लाल पेननं लिहिलं, ‘सेल्फ डिस्क्लोजर (स्वतःबद्दल सांगणं) टाळावं. संभाषणाचा रोख रुग्णावर हवा.’ आणि दहापैकी सहा मार्क दिले.

पुस्तकाप्रमाणं माझा शेरा बरोबर होता. त्या दिवशी माझ्या टेबलावर ४८ वह्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी इंटर्नल मार्क द्यायचे होते. त्या मुलीला झोप लागत नाही हे एका रुग्ण बाईनं पाच मिनिटांत ओळखलं. मी ते वाचून, लाल अक्षरात शेरा मारून पुढची वही उघडली.

तीन आठवड्यांनी तिच्या रूममेटनं रडत येऊन सांगितलं की ती दोन दिवस खोलीबाहेर आलेली नाही, आंघोळ नाही, जेवण नाही. वडील रात्रीच्या एसटीनं आले. रजेच्या अर्जावर कारण लिहिलं, टायफॉइड. आमच्या कॉलेजात टायफॉइड फार आहे. टायफॉइड, लो बीपी, अशक्तपणा. गेल्या काही वर्षांत रजेच्या अर्जावर ‘नैराश्य’ हा शब्द मी एकदाही वाचलेला नाही. त्याच शब्दाची व्याख्या, लक्षणं, औषधं आणि परिचारिकेची भूमिका आम्ही दहा मार्कांना विचारतो.

आता कोणी म्हणेल, नर्सिंगची पोरगी आहे, तिला डॉक्टर माहीत, ओपीडी माहीत, जायचं ना सरळ. संपादक महोदय, इथंच खरी गोम आहे. ती जिथं दाखवायला जाईल त्या ओपीडीत केसपेपर काढून देणारी तिच्याच वर्गातली मुलगी पोस्टिंगला बसलेली असते. बीपी मोजणारी तिची ज्युनिअर असते. नोकरी करणाऱ्या सिस्टरचंही तेच. आपल्याच रुग्णालयात मनोविकार विभागाची पायरी चढली की दुपारी ड्यूटी बदलतानाच्या हँडओव्हरपर्यंत चारही वॉर्डांत बातमी पोचते. मग पुढच्या ड्यूटी लिस्टला इनचार्ज हळूच म्हणते, ‘तिला आयसीयूत नको, तिचं जरा असं आहे.’ मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये गोपनीयतेसाठी वेगळं कलम आहे, २३ वं. मी ते वर्गात शिकवते, पोरी पाठही करतात.

ती मुलगी सव्वा महिन्यानं परत आली, गोळ्या चालू होत्या, चेहरा सुजल्यासारखा. तिच्यासमोर आधी हिशोब मांडला गेला. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नियम आहे की पदवी हातात पडण्याआधी प्रत्येक प्रॅक्टिकल विभागातली हजेरी शंभर टक्के हवी. नियम मला मान्य आहे. उद्या माझ्या सासूबाईंना सलाइन लावणारीनं हात बसवलेला असावा असं मलाही वाटतं. पण आमच्याकडं ‘एकास दोन’ अशी पद्धत आहे. एक दिवस बुडाला की दोन दिवस भरायचे. हे कौन्सिलच्या नियमात नाही, आमच्या नोटीस बोर्डावरचं आहे. तिचे ३२ दिवस बुडाले होते, म्हणून ६४ भरायचे, त्यातल्या बऱ्याच नाइट. झोप न लागण्याच्या आजारातून उठलेल्या मुलीला आम्ही नाइट लावल्या. ते दिवस भरता भरता तिची बॅच पुढं निघून गेली.

नाइट म्हणजे काय तेही सांगते, कारण वाचकांना वाटतं की विद्यार्थिनी शिकायला जातात. शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागं एक परिचारिका असावी असा निकष आहे. मी पाहिलेल्या वॉर्डात रात्री ३० खाटा, एक सिस्टर आणि आमच्या दोन मुली. सिस्टर एका सिरीयस पेशंटपाशी अडकली की बाकीच्या २९ जणांना ‘ताई, ओ ताई’ म्हणत हाक मारायला एकोणीस-वीस वर्षांची पोर. एखादा दगावला की नातेवाइकांचं पहिलं ओरडणं तीच ऐकते, मग मावशींबरोबर बॉडी पॅक करते, आणि आठ वाजता बसमधून थेट कॉलेजात. नऊच्या लेक्चरला डुलकी लागली तर उभं राहायचं.

पुढं या मुली मोठ्या होतात आणि स्टाफ होतात, एवढाच फरक. माझंच सांगते. एका पावसाळ्यात आयसीयूत एका रात्री आमच्याकडचे तीन पेशंट गेले. त्यातली एक माझ्याच वयाची, तिनं संध्याकाळी माझ्याकडून फोन लावून घेऊन मुलाला डब्यात काय दिलं होतं ते विचारलं होतं. सकाळी रीतसर हँडओव्हर दिला, ट्रॉली भरून ठेवली, ठाण्याला नऊ नंबरवरून वाशी गाडी पकडली. घरी आल्यावर पर्स उघडली तर आत केसांच्या क्लिपांची तीन कार्डं. गाडीत विकायला येणाऱ्या बाईकडून मी ती घेतली होती, पैसेही दिले होते. मला त्यातलं काही आठवत नव्हतं. संध्याकाळी सात वाजता परत ड्यूटीवर. कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी ‘काही नाही हो’ म्हटलं असतं, हेही खरं. दहा मिनिटं बसवून घेऊन ‘काल काय झालं ते सांग’ म्हणणारं कोणी असायला हवं होतं, हे मला पुढं हा विषय शिकवायला लागल्यावर कळलं.

आता मूळ तक्रार. सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ ला निकाल दिला. आंध्रातल्या एका कोचिंगच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूचं प्रकरण होतं. त्यात म्हटलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षण संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक हवाच, आणि टेलि-मानससारख्या हेल्पलाइनचे नंबर वसतिगृहात, वर्गात ठळक दिसतील असे लावा. चार वर्षांच्या मुली मोजल्या तर शंभर कधीच ओलांडतात, म्हणून आमच्याकडंही हालचाल झाली. माझ्या केबिनच्या दारावर नवी पाटी लागली, ‘समुपदेशन कक्ष’. समुपदेशक कोण? मीच. माझी पदवी मनोरुग्ण परिचर्येची आहे. त्याच केबिनमध्ये इंटर्नल मार्कांचं रजिस्टर, त्याच टेबलावर हजेरीपट, आणि ‘एकास दोन’च्या यादीवर सही माझीच. कोणती मुलगी त्या खुर्चीत बसून सांगेल की मॅडम, मला जगावंसं वाटत नाही? आतापर्यंत तीन मुली आल्या. दोघी मार्क वाढवून मागायला आणि एक पंख्याचं रेग्युलेटर बिघडलंय सांगायला.

पोस्टरही लागलं. होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर मोठ्या आकड्यांत टेलि-मानसचा नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. सेवा चांगली आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली तेव्हापासून मी स्वतः रुग्णांच्या नातेवाइकांना नंबर देते. पण आमच्या होस्टेलचा नियम असा की रात्री दहाला सगळ्यांचे फोन वॉर्डनच्या कपाटात जमा, सकाळी सहाला परत. दहा ते सहा म्हणजे नेमके ते तास. मी हे बैठकीत बोलले तेव्हा उत्तर मिळालं, ‘मुली रात्रभर रील्स बघतात.’ बघतात, खोटं नाही. मग निदान प्रत्येक मजल्यावर भिंतीचा एक फोन ठेवा. त्याला किती खर्च येईल?

मेडिकलच्या विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं कार्यदल नेमलं, २०२४ मध्ये त्याचा अहवालही आला. बरं झालं. डॉक्टर झोपत नाहीत याची आता चर्चा तरी होते. त्यांच्याच शेजारी ट्रे घेऊन रात्रभर उभी असलेल्या मुलीचीही त्याच दमात व्हावी.

माझं मागणं फार नाही. समुपदेशक बाहेरचा हवा, ज्याच्या हातात ना मार्क ना हजेरी. ठाणे, वाशी, पनवेल या पट्ट्यात नर्सिंग कॉलेजं एकमेकांना खेटून आहेत. चार-पाच संस्थांनी मिळून एक जण ठेवला आणि तो आठवड्यातून एक दिवस प्रत्येक ठिकाणी आला तरी चालेल. मुलींना दाखवायला दुसऱ्या कॉलेजच्या रुग्णालयात पाठवा, आमच्या तुमच्याकडं आणि तुमच्या आमच्याकडं, म्हणजे केसपेपर ओळखीच्या हातात जाणार नाही. मनाच्या आजारात बुडालेला दिवस एकास एकच भरून घ्या, आणि त्यात नाइट नको. वॉर्डात मृत्यू झाला तर त्या दिवशीच्या विद्यार्थिनीला घेऊन इनचार्जनं किंवा ट्यूटरनं दहा मिनिटं बसावं, आणि ते ड्यूटीच्या वेळात.

माझं नाव छापू नये. संस्थेचं मी दिलेलंच नाही. दिलं असतं तरी फरक पडला नसता, शेजारच्या कॉलेजची ट्यूटरही हेच पत्र लिहू शकेल.

त्या मुलीची परवानगी घेतली आहे. ती आता पनवेलकडं एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, गोळ्या बंद होऊन आठ महिने झाले. हे पत्र मी तिला फोनवर वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच दुरुस्ती सांगितली. म्हणाली, ‘मॅडम, सहा नव्हते, साडेपाच होते.’

आपली,
एक नर्सिंग शिक्षिका, कोपरखैरणे