पावलांचा हिशेब

वर्तकनगर, ठाणे
18 मे

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

मांडवी एक्स्प्रेस वेळेवर पोहोचल्याचे आत्याने कळवले. तू कळवले नाहीस, आणि त्याबद्दल मी काही म्हणणार नाही. समोरासमोर बसलो की माझा आवाज चढतो आणि तुझा बंद होतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे. रिपोर्टविषयी त्यात एक अक्षरही लिहायचे नाही, असे ठरवून बसलो आहे.

त्या रविवारचे आधी लिहितो. ज्या दिवशी तू तापाने सकाळपासून पडून होतीस, त्याच दिवशी तुझ्या घड्याळात 9,400 पावले जमली, आणि संध्याकाळी चिनू ते घड्याळ मनगटावर बांधून, पट्टा अगदी शेवटच्या भोकात अडकवून, खाली क्रिकेट खेळताना सापडला. पावलांमागे त्याला तुझ्याकडून काय मिळत होते, हे त्याने अजून सांगितलेले नाही. मी आत्यासमोर ‘फसवणूक’ हा शब्द वापरला, तो एक वेळ सोडून दे. पण त्यानंतर अप्पांचे नाव घेऊन जे बोललो, ते पंधरा वर्षांच्या मुलीला बोलायचे नव्हते. तू अर्धी पोळी ताटात टाकून उठलीस. आईने ती रात्री दहापर्यंत झाकून ठेवली होती.

घड्याळ देण्याच्या आधीच मी एक चूक करून बसलो होतो, हे आता कळते. तुला आठवत असेल, दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात तू आणि वृंदा संध्याकाळी उपवनला जात होता, तळ्याभोवती फिरत होता, भाजलेले कणीस खाऊन ओल्या बुटांनी घरी येत होता. तेव्हा कुणी तुम्हाला जा म्हटले नव्हते. मला इतका आनंद झाला की मी एका फेरीला वीस रुपये जाहीर केले. महिनाभर तू हिशेब चोख ठेवलास, पुढे दर वाढवून मागितलास, आणि मी चिडून पैसे बंद केले त्या आठवड्यात फिरणेही बंद झाले. मी त्याला आळस म्हटले. गेले आठ दिवस गाडीत बसून मी या विषयावर बरेच वाचले. एडवर्ड डेसी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1971 साली महाविद्यालयीन मुलांना ठोकळ्यांची कोडी दिली होती आणि त्यांतल्या काहींना सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर दिला होता. पुढच्या खेपेला पैसे थांबल्यावर हीच मुले मोकळ्या वेळात कोड्यांकडे पूर्वीपेक्षा कमी वळली. वाचता वाचता माझे मुलुंड कधी गेले ते कळले नाही. तुझ्या कणसाच्या फेऱ्या मी वीस रुपयांना विकत घेतल्या आणि मग टाकून दिल्या.

डेसी आणि रिचर्ड रायन या दोघांनी पुढे जे मांडले त्याचा सारांश असा की, एखादी गोष्ट आपण स्वतः निवडलेली आहे, ती आपल्याला जमते आहे आणि सोबतची माणसे आपली आहेत, असे वाटले तर माणूस ती टिकवून करतो. घड्याळ मी निवडले, रोजचा 10,000 पावलांचा आकडा मी ठरवला आणि ऑफिसातून दर दोन तासांनी तो मीच पाहत राहिलो. मग तू ते चिनूला दिलेस, यात नवल नाही. खरे सांगायचे तर युक्ती चांगली होती. बंडूकाकांना सांगितली तेव्हा ते किती वेळ हसत होते.

खो-खोचे मात्र मला सोमवारी, तू गेल्यावर, आईकडून कळले. मी दोन वर्षे तुला विचारत होतो की सातवीपर्यंत खांबाला वळसा घालताना हाताची बोटे टेकवून भिरभिरणारी मुलगी एकाएकी मैदान का सोडते, आणि उत्तर न मिळाल्यावर ते स्वतःच ठरवून मोकळा होत होतो. कुंपणापाशी उभी राहणारी ती मुले, त्यांचे शेरे, पांढरी अर्धी चड्डी आणि महिन्याचे ते दिवस, यांतले काही माझ्या डोक्यातही आले नाही. जिल्ह्याच्या सामन्यात तू सूर मारून शेवटची गडी टिपलीस तेव्हा गुडघा सोलला होता, आणि रिक्षात तू त्यावर फुंकर न घालता ‘बाबा, ती माझ्यापेक्षा उंच होती ना?’ एवढेच तीनदा विचारलेस. त्या मुलीला मी आळशी म्हणालो. जागतिक आरोग्य संघटना तुमच्या वयाला रोज सरासरी 60 मिनिटांची मध्यम ते दमवणारी हालचाल सांगते. 146 देशांतील 2016 पर्यंतच्या आकडेवारीनुसार 11 ते 17 वर्षांच्या शाळकरी मुलामुलींपैकी 81 टक्के तिथवर पोहोचत नव्हते, आणि मुलींत हेच प्रमाण 85 टक्के होते. हा आकडा मी आधी वाचला असता तर तुझ्यावर दाखला म्हणून फेकला असता. आता वाटते, त्या 85 जणींपैकी किती जणींच्या मैदानाला असे एखादे कुंपण असेल.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 साली ‘मला हे जमेल’ हा विश्वास कशातून येतो, याची उतरंड मांडली. सर्वांत वर स्वतःला आलेले यश, त्याखाली आपल्यासारख्या कुणाला तरी ते जमताना पाहणे, आणि शब्दांनी दिलेला धीर या दोहोंपेक्षा दुबळा. माझ्या दुकानात शब्दांखेरीज दुसरा माल नव्हता. पाहण्यासाठी तुझ्यासमोर मी ठेवली ती ठाण्याची वर्षा मॅरेथॉन धावणारी शेजारची मुलगी, जी तुझ्यासारखी मुळीच नाही; आणि घरात तू रोज पाहत होतीस तो बाप स्टेशनवरून रिक्षाने येऊन सोफ्यावर आडवा होणारा. म्हणून शनिवारी सकाळी मी येऊरच्या चढावर गेलो. दुसऱ्या वळणाला छातीत भाता चालू झाला आणि मी दगडावर बसलो. कोवळ्या मुली बोलत बोलत पुढे निघून गेल्या, आणि एका आजोबांनी विचारले, ‘पाणी देऊ का?’ त्या क्षणी कुणी पाहू नये, असे मला किती तीव्रतेने वाटले म्हणून सांगू.

आता एकच सुचवतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांचे म्हणणे आहे की, ‘व्यायाम करीन’ या नुसत्या संकल्पापेक्षा ‘अमुक झाले की तमुक करीन’ असे आधीच बांधून ठेवले तर ते पार पडण्याची शक्यता वाढते. क्लासहून आलीस की दप्तर ठेवून, बूट न काढता, सरळ खाली उतरायचे. पाऊस असेल तर जिन्याने सहा मजले दोनदा. मोबाइल घरी ठेवायचा. आणि आठवड्यातून तीन दिवस दोरीच्या उड्या, कारण या वयात हाडे... पुन्हा सुरू झालो. क्षमा कर. ही ओळ मी ठरवली म्हणजे ती पुन्हा वीस रुपयांचीच गोष्ट झाली. तुला दोरी नको असेल, नाच हवा असेल, किंवा काहीच नको असेल, तर ते तू ठरव.

एवढे लिहूनही मनातली गोष्ट बाजूलाच राहते. रक्तातल्या साखरेच्या तपासणीतला (HbA1c) 5.8 हा आकडा डॉक्टरांच्या मते काठावरचा आहे, औषध नको, तीन महिन्यांनी पुन्हा पाहू असे त्या म्हणाल्या, आणि तू त्यांच्यासमोर शांत बसून होतीस. घाबरलो होतो तो मी. अप्पा ठाणे स्टेशनच्या जिन्यावर बसले ते उठले नाहीत, तेव्हा ते 51 वर्षांचे होते आणि मी अकरावीत होतो. त्यांच्या पिशवीत पाव किलो तोंडली होती. आजीने ती केली नाहीत आणि टाकलीही नाहीत. तुला जिना चढताना थांबलेली पाहिले की मला ती पिशवी दिसते, आणि मग तोंडातून निघते ते ‘ऊठ, किती बसतेस’. रिपोर्टविषयी लिहायचे नव्हते, तरी लिहिलेच.

तुझ्या घड्याळाचे आकडे परवापर्यंत माझ्या मोबाइलवर येत होते, हे कबूल करतो. बुधवारी 12,300 दिसले. आत्याला फोन केला तेव्हा कळले की तू पोरांबरोबर गोवळकोटच्या किल्ल्यावर चढून गेलीस आणि उतरताना सगळ्यांच्या पुढे होतीस. मी ‘शाब्बास’ लिहून पाठवणार, तेवढ्यात आईने मोबाइल हातातून घेतला आणि म्हणाली, ‘तिचे तिच्याकडे राहू दे.’ रात्री मी ते अ‍ॅप काढून टाकले. आता काही दिसत नाही, आणि दर दोन तासांनी हात खिशाकडे जातो.

घड्याळाचा चार्जर चिनूच्या कंपासपेटीत सापडला. बंडूकाका शनिवारी येत आहेत, त्यांच्याबरोबर पाठवतो. नको असेल तर आत्याच्या कपाटात ठेव.

तुझा,
बाबा

ता. क. आत्याकडे आमरसाची वाटी एकच घ्यावी, असे इथे लिहिले होते. ते खोडले आहे.