नकाशे तू शिकवायचेस

नाशिक,
दिवाळीनंतरचा रविवार

प्रिय बंड्या,

"पक्षी बघणाऱ्यांना कॉम्प्युटरचे वर्ग कशाला?" म्हणून फोनवर हसलास ना? आता ऐक.

नांदूर मधमेश्वरचं पाणथळ २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. आमची मंडळी त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे पहाटे दुर्बिणी घेऊन जातात. नोंदी चोख, पण निम्म्या वह्यांत आणि निम्म्या जुन्या फाँटात. त्या फाँटातली अक्षरं आतून इंग्रजी, वरून मराठीचं सोंग. दुसऱ्याच्या मशीनवर फाइल उघडली की नुसता चिवडा. म्हणून पहिला वर्ग युनिकोड (कुठल्याही मशीनवर तीच अक्षरं दिसावीत अशी पद्धत) आणि इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डचा घेतला.

शिकवणारे सगळे आपलेच, बिनपैशांचे. वेळ रात्री साडेआठची, कारण निफाडचे द्राक्षवाले छाटणीनंतर दिवसभर फवारणीत असतात. फुकटची गुगल मीट तासाभरात बंद होते, ते पथ्यावरच पडलं. नाहीतर आमचे निवृत्त बँकवाले आवरले नसते!

मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियलचे मराठी धडे घरी बघायचे, अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ आणि अर्ध्यावर आपलं काम. वर्गात फक्त अडलेलं सोडवायचं. तासभर बटणं दाखवली की लोक माना डोलावतात आणि सकाळी पाटी कोरी.

खरी गंमत झाली लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये, म्हणजे रकान्यांत नोंदी भरायच्या फुकटच्या प्रोग्रॅममध्ये. काही मशीनवर भाषेचं सेटिंग अमेरिकन इंग्रजी होतं, म्हणजे तारखेत महिना आधी. ५/१२ ला, म्हणजे ५ डिसेंबरला, पाहिलेली चक्रवाक बदकं थेट १२ मेला जाऊन बसली. १३ तारखेपासूनच्या नोंदी तर, तेरावा महिनाच नसल्यामुळे, तारीख न होता नुसता मजकूर राहिल्या. हे पकडलं कोणी? ज्यांना माउस अजून नीट धरता येत नाही त्या काकांनी. "लडाखात घरटी करणारा पक्षी मे महिन्यात इथे काय करतोय?" आयटीतली आमची शिक्षिका गप्पच झाली. तेव्हापासून सगळे २०१९-१२-०५ असं लिहितात, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. पुस्तकातले पगारपत्रकाचे नमुने घेतले असते तर ही चूक कोणाच्या लक्षातही आली नसती.

आता मंडळींना नोंदी नकाशावर हव्यात. क्यूजीआयएस हा नकाशे बनवायचा प्रोग्रॅम आमच्यात कोणाला येत नाही, तुला येतो. मात्र उदाहरणं आमच्याच नोंदींतली घे, स्लाइडी आणू नकोस, आणि स्वयंपाकघरापासून लांब बस. मागच्या वेळी तुझ्यापेक्षा कुकरच जास्त बोलला.

वहिनींना विचार आणि बुधवार की शुक्रवार, तेवढं कळव. फाइल पाठवतो.

तुझा,
अण्णा