भाताच्या शेतातल्या बाटल्या

मा. संपादक, स. न. वि. वि.

गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी मी आणि माझी बायको ॲक्टिव्हावरनं खानापूर तालुक्यात गोव्याच्या हद्दीजवळच्या कणकुंबीला जाऊन आलो, त्याबद्दल लिहितोय. पत्र जरा लांबलंय, पण जमलं तर छापा.

सकाळी सातला बेळगावच्या अनगोळातनं निघालो. पिरनवाडी, किणये करत कुसमळीच्या पुलावर थांबलो, खाली मलप्रभा, पाण्यावर धुकं, आणि बायको म्हणाली इथंच बसूया की दिवसभर. जांबोटीत चहा आणि पावशेर पेढे (जांबोटीला जाऊन पेढे न घेता पुढं गेलेला बेळगावकर मी तरी बघितला नाही). जांबोटी सोडली की हवाच बदलते, दोन्ही बाजूला रान, ऊन फांद्यांतनं तुकड्या-तुकड्यानं रस्त्यावर पडलेलं, आणि स्कूटर तीसच्या वर न्यावीशीच वाटत नाही. कारमधनं हा रस्ता मी दहावेळा तरी केलाय पण भाताच्या पिंजराचा वास कधी आला नव्हता, तो स्कूटरवर आला. जाऊन येऊन शंभर किलोमीटरच्या आसपास होतं, म्हातारं माणूस मागं बसवूनसुद्धा निवांत होण्यासारखं आहे.

कणकुंबीला माउलीच्या देवळात गेलो. मलप्रभेचा उगम इथलाच. इथनं निघालेली नदी 304 किलोमीटर जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते, वाटेत सौंदत्तीजवळ नवीलुतीर्थाला तिच्यावर धरण आहे आणि हुबळी-धारवाडची माणसं तेच पाणी पितात. हे शाळेत शिकलो होतो, पण उगमाजवळ उभं राहिल्यावर ते वेगळंच वाटतं.

येताना रस्त्यालगतच्या एका गावात थांबलो. गावाचं नाव लिहीत नाही, ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांना ते आवडणार नाही. कौलारू घरं, शेणानं सारवलेलं अंगण, खळ्यावर मळणी चाललेली. एक आज्जी सुपानं भात वारवत होत्या. "कुठनं आलास गा पोरा?" म्हणून विचारलं, बेळगाव म्हटल्यावर बसायला पोतं टाकलं आणि नाचण्याची भाकरी, लसणाची चटणी, ताक पुढं ठेवलं. आम्ही नको नको म्हणत होतो पण ऐकतंय कोण.

जेवताना बघितलं तर आज्जी चालताना एक पाय तिरका टाकत होत्या. बायकोनं विचारलं तर पाय वर करून दाखवला, तळव्यावर अंगठ्यापासनं टाचेकडं गेलेला व्रण. जुलैत रोप लावताना चिखलात बाटलीची काच लागली. रोप लावणीला कोण चप्पल घालत नाही, गुडघाभर चिखलात खाली काय आहे दिसत पण नाही. सात टाके पडले आणि ऐन लावणीत वीस दिवस घरी बसल्या, शेत शेजाऱ्यांनी लावून दिलं. मग त्यांनी खळ्याच्या कोपऱ्यातला तेलाचा पत्र्याचा डबा आणून दाखवला. अर्ध्याच्या वर काचा, तपकिरी, हिरव्या, काही पांढऱ्या, चिखल वाळून चिकटलेल्या. एकाच शेतातल्या, एका वर्षातल्या. परत कुणाला लागू नयेत म्हणून एकेक वेचून ठेवलेल्या. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

ह्या बाटल्या गावच्या माणसांनी टाकलेल्या नाहीत हो. पावसाळ्यात शनिवार-रविवार बेळगावातनं आणि गोव्याकडनं गाड्या येतात, रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसून दारू पितात आणि रिकामी बाटली खालच्या शेतात भिरकावतात. बाटली फुटल्याचा आवाज आला की हसतात. मी खोटं बोलणार नाही, पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या ग्रुपमधल्या एकानं ह्याच रस्त्यावर हेच केलं होतं आणि आम्ही कोणी त्याला एक शब्द बोललो नाही. खाली शेत आहे हे आम्हाला माहीत होतं, त्यात कोण उतरतं हा विचार कोणाच्या डोक्यात आला नाही.

गेल्या काही वर्षांत खानापूर तालुक्यातल्या धबधब्यांवर पावसाळ्यात बंदी घालतात, त्यावर लोक चिडतात. मला तर वाटतं पावसाळा सोडूनच या. सुगीत या, गाव बघायला या, तांदूळ, नाचणा, मध गावातनंच विकत घ्या, चार पैसे तिथं राहू देत.

आणि बाटल्यांचं म्हणाल तर उपाय नाही असं नाही. तमिळनाडूत निलगिरीच्या डोंगरात 2022 पासनं दारूच्या बाटलीमागं 10 रुपये जास्त घेतात आणि रिकामी बाटली दुकानात परत दिली की ते 10 रुपये परत मिळतात. आपल्याकडं निदान खानापूर तालुक्यात तरी हे सुरू करायला काय हरकत आहे? गोव्यातनं येणाऱ्या बाटल्या त्यात बसणार नाहीत हे मान्य, पण कणकुंबीला नाका आहेच, तिथं आणि जांबोटीत सुट्टीच्या दिवशी दोन माणसं उभी केली तरी पुष्कळ फरक पडेल. मोऱ्यांवर मराठी आणि कन्नड दोन्हीत बोर्ड लावा, खाली शेत आहे, बायका अनवाणी असतात, एवढंच लिहा.

निघताना तो डबा आम्ही मागून घेतला. पायाशी ठेवून हळूहळू बेळगावला आणला, काचा भंगारवाल्याला दिल्या. डबा धुऊन ठेवलाय, आज्जींचा आहे, रोप लावणीच्या आधी परत द्यायला जाणार आहे.

आपला एक वाचक,
अनगोळ, बेळगाव