निखिल, फोनवर जे सांगितलं नाही ते

लुत्रो, क्रीट बेट, ग्रीस
२६ मे

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तुला एवढंच म्हणाले, की सगळं छान झालं, बोटीने आरामात आले. बोटीने आले हे खरं आहे, बाकी नाही. मी वाट चुकले होते. इतक्या लांबून ऐकून तू रात्रभर तळमळला असतास, म्हणून बोलले नाही. पण निघताना तुला शब्द दिला होता की काही लपवणार नाही. तो मोडल्याचं दोन दिवस टोचतंय. टपालाने हे पत्र पोचायला महिना जाईल, म्हणून पानांचे फोटो काढून पाठवते. सायलीलाही वाचायला दे.

पहिल्यापासून सांगते. ओमालोसच्या पठारावर मुक्काम केला होता. मे महिना असूनही पहाटे स्वेटर घालावा लागला. खानावळवाल्या बाईंनी डोंगरातल्या कुठल्याशा लवदार पानांचा चहा मध घालून दिला, त्याला इथे मालोतिरा म्हणतात. सात वाजता सामारियाच्या घळीच्या तोंडाशी होते. तिथे उंची साधारण १,२३० मीटर, आणि १६ किलोमीटर उतरत गेलं की थेट समुद्र. मागे व्हाइट माउंटन्स, इथली माणसं त्यांना लेफ्का ओरी म्हणतात. सर्वांत उंच शिखर २,४५३ मीटरचं, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दीडपट. वरच्या घळ्यांत अजून बर्फाचे पट्टे होते.

तू विचारलं होतंस ना, तुला काही झालं तर कुणाला कळणार कसं? तिथे आत जाताना तिकीट देतात आणि शेवटी बाहेर पडताना ते परत घेतात, आत कुणी राहिलं का ते कळावं म्हणून. ते कपटं मी शर्टाच्या खिशात ठेवलं होतं आणि दर तासाला चाचपून बघत होते. कुणीतरी आपली मोजदाद ठेवतंय याचा एवढा आधार वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

उतार सुरुवातीला अवघड आहे, नागमोडी, गोट्यांचा. मी आयुष्यभर आपल्या काळ्या कातळावर चालले. अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर पाऊल कुठे धरेल, कुठे सटकेल हे माझ्या पायांना माहीत आहे. इथला दगड चुनखडीचा. पांढरा, धारदार, आणि जिथे हजारो माणसांचे बूट घासून गेलेत तिथे संगमरवरासारखा गुळगुळीत. पहिला तासभर पायांना तो कळेना. मग काठ्या लांब केल्या, पावलं आखूड केली आणि जमलं. मध्ये सामारिया गाव लागलं. १९६२ साली घळ राष्ट्रीय उद्यान झाली तेव्हा ते उठवलं. आता दगडी घरं आणि ओट्यांवर ऊन खात बसलेली क्री-क्री, म्हणजे तिथली रानबकरी. पुढे दोन्ही कडे जवळ येत येत एका ठिकाणी जेमतेम चार मीटरची फट उरते, आणि कडे तीनशे मीटर सरळ वर. खालून पाणी वाहतं, त्यावर फळ्या टाकल्यात. मी तिथे थांबले. मागून येणाऱ्या लोकांना पुढे जाऊ दिलं आणि दोन्ही हात पसरून उभी राहिले, एवढंच. खालच्या अंगाला ओढ्यात सगळी कण्हेर फुललेली होती. गुलाबी. देवाला घालतो तीच.

घळ संपते तिथे आयिया रुमेली, समुद्रावरचं छोटं गाव, तिथे गाडीरस्ता नाही. तिथपर्यंत सगळं मी तुला सांगितलं होतं.

आता त्यापुढचं. दुसऱ्या दिवशी आयिया रुमेलीहून किनाऱ्याने लुत्रोला यायचं होतं, पाच-सहा तासांची चाल. पहिल्या टप्प्यात पाण्याला लागून सेंट पॉलचं दगडी देऊळ आहे, हजार वर्षांपूर्वीचं, वाळूतच उभं. शेजारी एक खानावळ. मी तिथे थांबले नाही. वाळूत पाय रुतून वेळ गेला होता आणि मला तो भरून काढायचा होता. ही पहिली चूक. पुढे पाइनच्या झाडीत वाट फुटते. एक किनाऱ्याने जाते, एक डोंगरावरच्या आयिओस योआनिस गावाला चढते. मी चढणाऱ्या वाटेला लागले. दगडांवर रंगाचे ठिपके होते, अधूनमधून लगोरी रचावी तशा खुणा होत्या, म्हणून शंका आली नाही. फोनमधला नकाशा उघडलाच नाही. वळणामागून वळणं घेत पाऊण तास चढले, आणि मग खाली बघितलं तर समुद्र केवढा तरी खाली गेला होता. किनाऱ्याच्या वाटेवर असं व्हायला नको होतं.

निखिल, त्या क्षणी मी घाबरले. पोटात खड्डा पडला. एका पाइनच्या सावलीत बसले आणि वर्गात मुलांना गणित घालायचे तसं मांडलं. वेळ सव्वाबारा. पाणी पाऊण लिटर. परत फाट्यापर्यंत अर्धा तास, तिथून लुत्रो अजून साडेतीन-चार तास, त्यातला बराच भाग बिनसावलीचा. गुडघा उतारावर बोलायला लागलेला. उलट दिशेला देऊळ एका तासावर, तिथे पाणी आणि माणसं. संध्याकाळची बोट आयिया रुमेलीहून.

आता एक गोष्ट लिहिते, ती बाबांची तक्रार म्हणून वाचू नकोस. १९९४ साली आम्ही नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलो, ती गोष्ट तू लहानपणापासून ऐकत आलास. अर्ध्यात धुकं उतरलं आणि पाऊस लागला, तेव्हा मला परत फिरायचं होतं. मी ते बोलले नाही. बाबा पुढे होते, ते थांबले नाहीत, आणि मी त्यांच्या मागे. पाऊल कुठे ठेवायचं एवढं माझं काम. जायचं की फिरायचं ते त्यांनी बघायचं. आम्ही सुखरूप पोचलो, म्हणून ती पराक्रमाची गोष्ट झाली. पुढेही सगळे डोंगर मी असेच चढले. फार आनंदाने चढले, हेही खरं. वारीला गेले तेव्हा दिंडीच्या मागे चालले. ग्रुपबरोबर गेले तर लीडरच्या मागे. गेली चार वर्षं बाबा नाहीत, तर कुणी ना कुणी पुढे शोधूनच निघत होते.

त्या झाडाखाली पुढे कुणी नव्हतं. बाबा असते तर म्हणाले असते, अगं चल, जमेल. कदाचित जमलंही असतं. मी उठले आणि खाली फिरले. एकदाही मागे वळून बघितलं नाही, आणि वाईटही वाटलं नाही. तू विमानतळावर रागाने विचारलंस, एकटीनेच जाण्यात असं काय आहे जे चांगल्या ग्रुपबरोबर मिळत नाही? तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. मला ते त्या उतारावर मिळालं. साठी उलटल्यावर पहिल्यांदा डोंगरात परत फिरायचं मी ठरवलं.

देवळाशेजारच्या खानावळीत एक म्हातारी बाई होती, काळ्या कपड्यातली. माझं तोंड बघूनच तिने खुर्ची ओढली, पाण्याचा जग आणला, आणि मी तीन ग्लास पिईपर्यंत उभी राहिली. मग बोट दाखवून विचारलं, "मोनी?" मला वाटलं नाव विचारतेय. शेजारच्या टेबलावरच्या एका जर्मन मुलीने सांगितलं, मोनी म्हणजे एकटी. मी मान हलवली. ती काही बोलली नाही. आत गेली आणि उकडलेल्या रानभाजीची ताटली घेऊन आली, वर ऑलिव्हचं तेल आणि लिंबू. भाजीत काय काय होतं ते मला सांगता येणार नाही, पण एक चव नक्की ओळखीची, आपल्या घोळीच्या भाजीची. भाजीचे पैसे तिने घेतले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून "सिगा, सिगा" म्हणाली. सावकाश, सावकाश. मग वाळूतून सावकाश परत गेले आणि संध्याकाळच्या बोटीने इथे आले. हे सगळं तुला त्या रात्री सांगायला हवं होतं.

लुत्रोलाही गाडीरस्ता नाही. बोटीने या नाहीतर पायी या. अर्धगोल खाडी, पांढरी घरं, निळ्या खिडक्या, आणि रात्री फक्त पाण्याचा आवाज. काल इथून सरळ वर अनोपोलीला गेले, सहाशे मीटरची खडी चढण, पण पहाटे निघाले आणि फोनमधला नकाशा दर फाट्याला बघितला. गावाच्या चौकात दास्कालोयानिसचा पुतळा आहे. १७७० साली त्याने तुर्कांविरुद्ध उठाव केला, पुढच्या वर्षी त्याला पकडून जिवंतपणी सोलून मारलं. साताऱ्याच्या माणसाला तिथे काय आठवलं असेल ते तुला सांगायला नको. मी हात जोडले. समोरच्या हॉटेलात स्फाकियाची, म्हणजे या भागाची, पिठा खाल्ली: कणकेच्या गोळ्यात पुरण भरावं तसं ताजं चीज भरतात, पातळ लाटतात, तव्यावर भाजतात आणि वर मध सोडतात. मी आत जाऊन करणाऱ्या बाईंचे हात बघत उभी राहिले. पारी अगदी आपल्यासारखीच मिटवत होत्या.

वर आरादेनाच्या घळीवर गिधाडं होती. सात मोजली. कड्याच्या रेषेत, पंख न हलवता. तुला आठवतं का, तू लहान असताना डोंगरात बाबा तुला गिधाडं दाखवायचे, आणि मग ती दिसायचीच बंद झाली? गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुरांच्या मांसातून पोटात गेलं आणि आपली गिधाडं संपली, २००६ मध्ये त्यावर बंदी आली तोवर फार उशीर झाला होता. मी शाळेत हे शिकवायचे तेव्हा समोरच्या मुलांनी गिधाड पाहिलेलं नसायचं. काल मान दुखेपर्यंत वर बघत बसले.

आणि आज सकाळी ग्लिका नेरा. नावाचा अर्थच गोड पाणी. लुत्रोपासून तासाभराची वाट, वर कडा, खाली गोट्यांचा किनारा. तिथे लाटांपासून चार-पाच पावलांवर गोट्यांमध्ये हातभर खड्डा केला की पाणी येतं आणि ते गोडं असतं. वाचून गेले होते, वर्गात शिकवलंही होतं: चुनखडीत पाणी टिकत नाही, भेगांतून आत उतरतं, डोंगराच्या पोटातून वाहतं आणि जिथे बाहेर पडायला जागा मिळेल तिथे निघतं. तेच ते बर्फ, जे मला ओमालोसहून दिसलं होतं. त्या डोंगराच्या अंगावर हिंडून मी पाण्याचे घोट मोजत होते आणि माझ्या पायाखालून ते समुद्राकडे चाललं होतं.

गुडघे टेकून मी खड्डा केला. आधी गोटे, मग बारीक वाळू, मग बोटांना एकदम गार लागलं. गढूळ होतं. हात न लावता थांबले. कडेने एकेक कण खाली बसत गेला आणि तळाचे गोटे दिसायला लागले. ओंजळभर प्यायले. दात शिवशिवले. पाठीमागे लाट फुटत होती, तिचे तुषार मानेवर येत होते आणि ओठांवर खारट लागत होते, आणि तोंडात हे पाणी. मी किती वर्षं फळ्यावर ती आकृती काढली, तिरक्या रेषा, खाली बाण, बाणाच्या टोकाशी झरा. त्या बाणाच्या टोकाशी आज बसले होते. बाबांची फार आठवण आली. रडले थोडी, तेही लिहूनच टाकते. मग बाटली भरली.

पाय बरे आहेत. डाव्या अंगठ्याला फोड आलाय, त्यावर पट्टी लावलीये. गुडघ्याची गोळी दोनदाच घेतली. आंब्यांचं मात्र मन होतं, पेटीतले चार फ्रीजमध्ये राहू देत, मी चार जूनला येतेच आहे.

उद्या किनाऱ्यानेच होरा स्फाकियोनला जायचं आहे. ग्लिका नेराच्या पुढे वाट कड्यात कोरलेली आहे, अरुंद, आणि वरून दगड येतात म्हणे. सहाला निघेन, पाणी तीन लिटर घेईन. कड्यापाशी थांबून नीट बघेन. मनाला पटलं नाही तर परत लुत्रोला येऊन बोट धरेन. पोचले की फोन करीन. आणि परत फिरले असले तर पहिलं वाक्य तेच सांगेन.

तुझी,
आई