बाबांच्या डायरीतले अठ्ठेचाळीस आकडे

स्टुटगार्ट, नोव्हेंबर

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

शनिवारी रात्री एक वाजता फोन करून उठवलं, आकडे वाचून घेतले आणि काही न सांगता फोन ठेवला. त्यानंतर आईचा डोळा लागला नाही, हे दादाकडून कळलं. आई, मी खरंच बरी आहे. नोकरी शाबूत आहे, कुणी फसवलेलं नाही. आणि मागे जो आवाज चढला होता तो तळमजल्यावरच्या आजींचा होता, पोलिसांचा नव्हे.

त्यांचं आधी सांगते. इथे 'केरवोखं' असतं. म्हणजे झाडायचा आठवडा, आणि नावातच आपला केर! ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी अडकवतात. त्या आठवड्यात आपल्या मजल्याचा जिना झाडून पुसायचा. मोठी पाळी आली की तळघराचा जिना आणि घरासमोरचा फूटपाथही, आणि सध्या पानगळ. जिना लख्ख असला तरी झाडायचाच, 'स्वच्छच तर आहे' हे उत्तर चालत नाही. रविवारी काम करायचं नाही, म्हणून शनिवारी उरकायचं. १४९२ साली इथल्या शहराच्या कायद्यात दर आठवड्याला आपापला उकिरडा बाहेर न्यायचा हुकूम होता, तिथपासून ही सवय आली म्हणतात. पाटी माझ्या दारावर, तुमचा एक म्हणजे इथे रात्रीचे साडेआठ झालेले आणि जिना तसाच. त्या बोलणारच. फोन ठेवून आधी जिना झाडला.

जिना राहिला तो लॅपटॉपपायी. बाबा, तुम्हाला नीट सांगते. कोर्ससाठी विंडोजच्या जोडीला लिनक्स ही दुसरी प्रणाली टाकायची होती, पण त्याला डिस्क दिसेना. म्हणून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन डिस्कची सेटिंग 'रेड'वरून 'एएचसीआय' केली. डिस्क जोडायच्या या दोन पद्धती. त्याबरोबर बिटलॉकरने, म्हणजे डिस्कला लागलेल्या विंडोजच्या कुलपाने, अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली मागितली. ती ज्या खात्यात होती त्याचा मेल जुन्या ऑफिसबरोबरच बंद झालेला. पुण्यात लॅपटॉप घेतला तेव्हा "कागदावर उतरवून ठेव" असं तुम्ही म्हणाला होता आणि मी कंटाळा केला होता. तुम्हीच डायरीत उतरवून घेतलेत. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. वाचताना प्रत्येक गटानंतर "झालं?" विचारत होतात.

कुलूप उघडलं, पण पुढे निळा पडदा: 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. मोटरच्या दोन फेज बदलल्या की ती उलटी फिरते, तेवढ्यावरून वाइंडिंग जळलं असं तुम्ही कधी म्हणत नाही. इथेही डिस्क ठणठणीत होती, फक्त नव्या जोडणीचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा छोटा प्रोग्राम, विंडोज सुरू होताना उचलत नव्हतं. सेटिंग परत 'रेड' केली आणि सगळं उघडलं.

सगळ्यात आधी आपल्या आजीच्या आवाजातल्या ओव्या पेनड्राइव्हवर घेतल्या. अकरा फायली. सातव्या फायलीत मधेच जातं थांबतं, बांगड्या वाजतात आणि ती विचारते, "चालू हाय का गं ते?" याची दुसरी प्रत मी कुठेच ठेवली नव्हती, आई. आषाढात ती गेली तेव्हा मला येता आलं नाही, आणि आवाजही माझ्याच हातून जायचा होता. दादाला सगळ्या फायली पाठवल्या आहेत.

मग रविवारी शांतपणे बिटलॉकर आधी थांबवला, विंडोजला पुढच्या खेपेला सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरतंच, सुरू व्हायला सांगितलं आणि बंद करून बायोसमध्ये 'एएचसीआय' केलं. सेफ मोडमध्ये त्याने नवा ड्रायव्हर उचलला. मग सेफ मोड काढला, बिटलॉकर पुन्हा लावला. तेव्हापासून नीट चालतंय. दुकानात न्यावा लागला नाही, एक पैसा खर्च नाही. बाबा, नवा घ्यायला पैसे पाठवू नका.

उलट मीच या महिन्यात चाळीस हजार पाठवतेय. कर्जाचा हप्ता त्यातूनच भरा, दुकानाच्या गल्ल्याला हात लावू नका. कोल्हापूरच्या स्थळाला फोटो गेले नाहीत ते फोटो याच लॅपटॉपमध्ये होते म्हणून, टाळायचं म्हणून नाही. निदान सगळंच टाळायचं म्हणून नाही. आज पाठवते. मुलाशी आधी मी बोलेन, मग तुम्ही हो म्हणा. तुळशीच्या लग्नाला अंतरपाट कुणी धरला? मेमध्ये तीन आठवडे रजा मिळेल, तिकीट पुढच्या पगारात काढते.

डायरीचं ते पान फाडू नका. नवी किल्ली तयार केली आहे, येत्या रविवारी दिवसाउजेडी फोन करून सांगते, खाली लिहून घ्या.

तुमची,
धाकटी