ती भिंत मंदिराची नाही हो

संपादक साहेब,
नमस्कार. परवा आपल्या पेपरात जेरुसलेमच्या वेस्टर्न वॉलचा फोटो आला, खाली लिहिलंय 'ज्यूंच्या मंदिराची उरलेली भिंत', तेवढं दुरुस्त करा म्हणून लिहितेय. ती मंदिराची भिंत नाहीये, दोन हजार वर्षांपूर्वीच्या ज्यूंच्या हेरोद राजाने मंदिराचं पटांगण वाढवायला टेकडीवर भराव घातला तो धरून ठेवायची ती भिंत, मंदिर वर होतं आणि इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने ते जाळून पाडलं.

मी स्वतः जाऊन आलेय. खालचे दगड केवढाले, प्रत्येकाच्या कडेने चौकट कोरलेली, आणि हात पोचतो तेवढ्या उंचीपर्यंत दगड पार गुळगुळीत, किती पिढ्यांचे हात आणि कपाळं लागलीत तिथे! फटीफटीत लोकांनी प्रार्थना लिहिलेल्या चिठ्ठ्या कोंबलेल्या, त्या फेकून नाही देत बरं का, वर्षातून दोनदा काढून जवळच्याच ऑलिव्ह पर्वतावर पुरतात.

१९४८ ते १९६७ तो भाग जॉर्डनकडे होता, ज्यूंना तिथे प्रार्थनेला जाताच येत नव्हतं. त्याआधी भिंतीसमोर एक अरुंद गल्लीच होती, आत्ताचं मोकळं मैदान १९६७ मध्ये शेजारचा मोरोक्कन मोहल्ला पाडून केलंय, तिथल्या लोकांची घरं गेली, हेही छापायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आमच्याकडे अलिबागला बेने इस्रायली लोक, म्हणजे आपले कोकणातले ज्यू, सिनेगॉगमध्ये (त्यांच्या प्रार्थनास्थळात) पश्चिमेकडे तोंड करून प्रार्थना करतात, ते त्याच टेकडीच्या दिशेने. प्लीज, दुरुस्ती छापा.

– एक वाचक, अलिबाग