उजेडात डोळे बघणाऱ्या आशाताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

परवा बाबांचा टीबीचा कोर्स संपला. शेवटची गोळी त्यांनी विठोबाच्या तसबिरीपुढे उभं राहून घेतली. आई रडली. मला सारखी आठवत होती ती गेल्या जूनमधली दुपार.

त्याआधीचे आठ दिवस बाबांना ताट समोर आलं की मळमळायचं. अंगात त्राण नव्हतं. आम्ही दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आलेलं, तो कागद मी पुढे केला. डॉक्टरांनी हातातही घेतला नाही. "ते हल्ली सगळ्यांनाच असतं." लघवी लाल होते म्हटलं, तर "गोळीचा रंग आहे." आणि बाबांकडे बघून, "घेता का थोडी?" माझे बाबा माळकरी. दारूला उभ्या आयुष्यात शिवलेले नाहीत. घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. तो प्रश्न मी अजून विसरलेली नाही.

टीबीच्या रिफाम्पिसिन या गोळीनं लघवी केशरी होते, हे खरंच. पण तेवढं ऐकून आम्ही निर्धास्त झालो, आणि कावीळ त्या रंगाआड वाढत राहिली.

तुम्ही आलात गोळ्यांची पाकिटं मोजायला. बाबा आतल्या अंधाऱ्या खोलीत, ट्यूबलाइटखाली पडलेले. तुम्ही म्हणालात, "काका, बाहेर येता का जरा? उन्हात बसू." हाताला धरून त्यांना पायरीवर आणलंत, शेजारी बसलात, "वर बघा" म्हणत अंगठ्यानं पापणी खाली ओढलीत. "लघवी रंगते काका, डोळे नाही रंगत." आणि तिथूनच मोठ्या डॉक्टरांना फोन लावलात.

रक्ताच्या तपासणीत एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की वाढणारा आकडा, ४१२ निघाला. असायला हवा साधारण ४० च्या आत. पुढचं सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. टीबीच्या औषधांनीच यकृत दुखावलं होतं, म्हणून ती थांबली, मग एकेक करून परत सुरू झाली. त्यातलं यकृताला जड जाणारं पायरॅझिनामाइड कायमचं वगळलं, म्हणून ६ महिन्यांचे ९ झाले. मधल्या दिवसांत बाबा घाबरायचे की औषधाविना टीबी उलटेल. तुम्ही रोज संध्याकाळी फोन करायचात. "मनानं चालू नाही करायचं, मनानं बंद नाही करायचं, मला विचारायचं."

ताई, तेव्हा शेजारचे आमच्या घरी पाणीसुद्धा पीत नव्हते. सख्खी आत्या दारातून बोलून जायची. आणि तुम्ही बाबांचा हात धरलात. रोग्याला हात लावायला डिग्री लागत नाही, मग माणसं एवढी का कचरतात? तुमच्यासारख्या बायका उन्हातान्हात दारोदार फिरतात, म्हणून आमच्यासारखी घरं उभी आहेत.

गेल्या वर्षी बाबांची वारी चुकली. यंदा आषाढीला ते पंढरपूरला निघालेत. बुक्का आणि चुरमुऱ्यांचा प्रसाद तुमच्यासाठी वेगळा बांधून आणणार आहेत. तो घ्यायला घरी या. बाबा पायरीवरच बसलेले असतील.

तुमच्या काकांची लेक